जात पेशीच्या कोणत्या भागात असते?



कल्याण पूर्वेच्या एका विहारात रविवारी नववी-दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात तिथे नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "जात पेशीच्या कोणत्या भागात असते?" वर्ग हसला. ती हसली नाही, कारण तिने प्रश्न पूर्ण विचार करून विचारला होता. दोन आठवड्यांपूर्वी चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते वर्गावर येऊन गेले होते. त्यांनी सांगितले होते, "आपण मूळनिवासी आणि ते विदेशी, हे डीएनएने सिद्ध झाले आहे." शाळेच्या पुस्तकात तिने वाचले होते की डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो. डीएनएवरून जात कळते, डीएनए केंद्रकात असतो, म्हणजे जात केंद्रकात असली पाहिजे. तर्कात खोट काढायला जागा नाही. खोट आहे ती पहिल्या विधानात, आणि ते विधान तिला आपणच दिले होते.

त्या प्रश्नाने आमची झोप उडवली. 'जात रक्तात असते' हे वाक्य मनुवाद्यांचे. त्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी काय भोगले ते सांगायला नको. तेच वाक्य आपल्या विहारात, आपल्या मुलीच्या तोंडी, आपल्याच प्रबोधनातून आले. म्हणून आम्ही आठ रविवारांचा एक अभ्यासघटक आखायला घेतला, ज्यात साहित्य, युक्तिवाद आणि पेशीविज्ञान हे तीन विषय एकत्र शिकवायचे. हा लेख म्हणजे त्या आखणीच्या निमित्ताने आम्ही जो इतिहास पुन्हा वाचला त्याचा हिशेब आहे.

तीन विषय एकत्र का, हा प्रश्न पालकांनी पहिल्याच बैठकीत विचारला. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत स्टेशनबाहेर पडले की नीट आणि जेईईच्या क्लासचे फलक आभाळ झाकतात. रिक्षा चालवणारा बाप आणि चार घरची कामे करणारी आई पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. त्यांना वाटते, सायन्स शिकवा, निबंध कशाला? त्यांचे चुकत नाही. पण शाळेत पेशी पाठ करून घेतली जाते, निबंध साच्यातून काढला जातो आणि युक्तिवाद कोणत्याच तासाला नसतो. मुले तंतुकणिकेची आकृती अचूक काढतात आणि व्हॉट्सॲपवर आलेला संदेश न तपासता पुढे ढकलतात. दोन्ही कामे एकच मूल करते.

अमेरिकेतल्या अनेक शाळांत इंग्रजीचे आणि जीवशास्त्राचे शिक्षक मिळून हेन्रिएटा लॅक्स यांच्यावर असा घटक शिकवतात. तंबाखूच्या शेतात राबलेली ही कृष्णवर्णीय स्त्री १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कर्करोगाने वारली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. 'हेला' या नावाने त्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. पोलिओच्या लशीच्या चाचणीत त्या वापरल्या गेल्या, त्यांच्यावर कंपन्या मोठ्या झाल्या, आणि तिच्या घरच्यांना दोन दशके काही माहीतच नव्हते. रिबेका स्क्लूट यांचे पुस्तक २०१० साली आले. एका मोठ्या कंपनीशी कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ साली. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगणारच आहोत. पण असा घटक उभा करायला लागणारा ऐवज आपल्या घरात इतका आहे की पाहुण्याकडे मागायला जायची गरज नाही.

सुरुवात मुक्ता साळवेपासून. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मांग मुलगी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. तिचा गौरव आपण दरवर्षी करतो. तिचा युक्तिवाद मात्र फार थोड्यांनी उलगडून पाहिला आहे. ती समोरच्याचे म्हणणे आधी मान्य करते. वेद फक्त ब्राह्मणांचे आहेत ना? ठीक. मग आमच्यापाशी धर्मग्रंथच नाही. धर्मग्रंथ नाही म्हणजे आम्ही धर्मरहित झालो. आता देवानेच सांगावे, आमचा धर्म कोणता. प्रतिपक्षाचे विधान घेऊन त्याला शेवटच्या पायरीपर्यंत चालवत नेणे आणि तिथे त्याचे त्यालाच तोंडघशी पाडणे, ही वकिली चौदाव्या वर्षी तिला जमली. आणि त्या निबंधात शरीर आहे. बाळंत होणाऱ्या मांग-महार बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडी-पाऊस तिला सोसावा लागतो, हे ती लिहिते. कोणताही पंडित हे लिहू शकला नसता. पहिल्या दोन रविवारी मुलांनी एवढेच करायचे: मुक्ताच्या निबंधातले विधान कोणते, पुरावा कोणता, त्यातून काढलेला निष्कर्ष कोणता, हे तीन रंगांच्या पेन्सिलींनी अधोरेखित करायचे.

मुक्ताच्या काळी जातीचा आधार पोथी होता. पुढे साहेबाने त्याला मोजपट्टी जोडली. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. त्याआधी बंगालमधल्या जाती-जमातींचा अभ्यास करताना त्याने नाके मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हा त्याचा नासिका निर्देशांक. आकडा जितका मोठा, तितके नाक बसके. आणि नाक जितके बसके, तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धान्त. म्हणजे वरच्या जाती आर्य वंशाच्या, खालच्या अनार्य, आणि जात म्हणजे वंश. मनूने जे म्हटले होते तेच आता दशांश चिन्हासह आले.

आम्ही मुलांना हे गणित करून पाहू दिले, पण त्यांची नाके मोजू दिली नाहीत, आमची मोजली. शिकवणाऱ्यांत दोन सख्खे भाऊ आहेत. त्यांचे निर्देशांक इतके वेगळे निघाले की रिस्लेच्या हिशेबाने दोघांना वेगवेगळ्या वस्तीत राहायला पाठवावे लागले असते.

याच मोजपट्टीला बाबासाहेबांनी हात घातला, आणि या घटकाचा गाभा तिथे आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात, ज्याला आपण 'अस्पृश्य मूळचे कोण होते?' म्हणून ओळखतो, अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे का यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात बाबासाहेब मोजमाप झिडकारत नाहीत. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात एकत्र केलेले नासिका निर्देशांकाचे आकडे ते घेतात, प्रांतवार मांडतात आणि दाखवतात की एकाच प्रांतातल्या ब्राह्मणाच्या आणि अस्पृश्याच्या मापांवरून ते दोन वंश ठरत नाहीत. मानवमिती हे शास्त्र मानायचे असेल तर दोघांचा वंश एकच मानावा लागेल. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, ब्राह्मण नाग असतील तर अस्पृश्यही नाग. मुक्ताने वापरलेली युक्तीच ही: तुमचेच शास्त्र, तुमचेच आकडे, चला शेवटपर्यंत. (समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही घुर्ये परीक्षेपुरते वाचले. त्यांच्या तक्त्यांचा हा उपयोग आम्हाला कोणत्याही तासाला सांगितला गेला नाही.)

बाबासाहेबांनी हे एकदाच म्हटले असेही नाही. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये ते विचारतात की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा फरक कोणता, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया यांच्यात कोणता? १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?'मध्ये आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्तच ते उलटतपासणीला उभा करतात. तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला आहे महात्मा फुल्यांना, ज्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्य भटांच्या स्वारीवरच आपली मांडणी उभी केली होती. गुरूला ग्रंथ अर्पण करायचा आणि गुरूच्या मांडणीशी मतभेद त्याच ग्रंथात नोंदवायचा. आपल्या चळवळीत आज हे किती जणांना झेपेल? मुलांना आम्ही दोन्ही बाजू देणार आहोत. फुल्यांनी त्यांच्या काळी उपलब्ध असलेले हत्यार उचलले आणि शेतकरी-शूद्रातिशूद्रांना पहिल्यांदा सांगितले की तुमची अवस्था दैवाने आलेली नाही, कोणीतरी केलेली आहे. ते काम झाले. पुढच्या पिढीच्या विद्वानाने हत्यार तपासले आणि बदलले.

आता त्या डीएनएकडे येऊ, ज्याच्या नावाने आपल्याकडे पुस्तिका निघतात. २००१ साली मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'जीनोम रिसर्च' या नियतकालिकात आला आणि वर्तमानपत्रांत गाजला. त्यात होते काय? आंध्र प्रदेशातल्या तेलुगूभाषक आठ जातींतले सुमारे २६५ पुरुष. त्यांच्या तंतुकणिकेतला डीएनए, जो आईकडून येतो, आणि वाय गुणसूत्र, जे बापाकडून मुलाला मिळते, हे दोन्ही तपासले. पुरुषांच्या बाजूने वरच्या जाती युरोपीयांच्या जास्त जवळ दिसल्या, आईच्या बाजूने सर्वच जाती आशियाई गटांच्या जवळ दिसल्या. एवढ्यावरून आपल्याकडच्या भाषणांत 'ब्राह्मण विदेशी, शास्त्राचा शिक्का' असे वाक्य तयार झाले. जवळ असणे आणि परके असणे यांतले अंतर कोणी मोजले नाही. महाराष्ट्राबद्दल हा निबंध किती बोलतो, हेही कोणी विचारले नाही.

त्यानंतर शास्त्र थांबले नाही, पुस्तिका थांबल्या. २००९ साली डेव्हिड राइश, कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवले की भारतातले बहुतेक सर्व गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत. त्यांतल्या पश्चिम युरेशियाशी नाते सांगणाऱ्या समूहाचा वाटा गटागटांत ३९ ते ७१ टक्के असा बदलतो. या गटांत शून्य टक्के कोणी नाही, शंभर टक्के कोणी नाही. २०१९ साली प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून असेही दिसले की इसवी सनपूर्व २००० नंतरच्या काही शतकांत गवताळ मैदानांतले पशुपालक इकडे आले आणि त्यांचा वाटा पुरोहित गटांत तुलनेने अधिक आहे. म्हणजे 'बाहेरून कोणी आलेच नाही' असे छाती ठोकून सांगणारे हिंदुत्ववादी खोटे ठरतात. राखीगढीच्या सांगाड्याचा निबंध त्याच सुमारास आला तेव्हा त्यांनी वाहिन्यांवर कसा जल्लोष केला ते आठवत असेल. पण स्थलांतर झाले हे मान्य केल्याने आपले पोस्टर खरे ठरत नाही. तो वाटा, कमी का होईना, आपल्यातही आहे. मुंबईच्या लोकलमध्ये कर्जतला चढलेला आणि कल्याणला चढलेला ठाण्यापर्यंत असे मिसळतात की नंतर कोण आधीचा हे डब्याकडे बघून कळत नाही. इथे तर डबा हजारो वर्षे चालतो आहे.

समजा, उद्या कोणी शास्त्रज्ञाने दाखवले की अस्पृश्य मानले गेलेलेच बाहेरून आले होते. मग अस्पृश्यता न्याय्य ठरेल काय? महाडच्या तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली बाबासाहेब निघाले तेव्हा त्यांनी 'हे तळे आधी आमचे होते' असा दावा केला नाही. माणूस म्हणून, नागरिक म्हणून, सार्वजनिक पाणवठ्यावरचा हक्क त्यांनी बजावला. आधी कोण आले यावर हक्क मोजायचा ठरवला तर आपलीच पंचाईत आहे, आणि ती समजून घ्यायला ठाणे जिल्ह्याइतकी चांगली शाळा नाही. इथल्या खाड्या-डोंगरांवर आधी आगरी, कोळी, वारली, कातकरी होते. आपण? कोणी रत्नागिरीहून गिरणीच्या आशेने आलेले, कोणी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून. उल्हासनगर उभे राहिले ते फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलेल्या सिंधी निर्वासितांवर. 'मूळनिवासी' हा निकष लावून कल्याण स्टेशनवर उभे राहिलो तर पहिला हात आपल्याच कॉलरला लागेल. आणि ज्या उत्तर भारतीय फेरीवाल्याला 'बाहेरचा' म्हणून मारहाण होते, त्याची जात विचारा एकदा.

तिसरा भाग सगळ्यात अवघड, कारण तो घरात शिरतो. सिकलसेल. तांबड्या रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाला की गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, हाडे-सांधे असह्य ठणकतात. एका पालकाकडूनच जनुक आले तर माणूस वाहक, सहसा त्रास नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. महाराष्ट्रात हा आजार विदर्भात, नंदुरबारकडे आणि पालघर-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळतो, आणि विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही. तपासणीच्या तक्त्यांत म्हणूनच 'नवबौद्ध' असा रकाना दिसतो. आमच्या परिचयाच्या एका घरात मुलीचे ठरलेले लग्न 'त्यांच्या रक्तातच आहे' या वाक्यावर मोडले. बोलणारे आपलेच होते, बावीस प्रतिज्ञा घेतलेले.

मग जात रक्तात आहे की काय? इथे मुलांना इतिहास आणि पेशी दोन्ही लागतात. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक या डॉक्टरने या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, ग्रेनाडाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तावरून. पुढची कित्येक वर्षे अमेरिकेत तो 'काळ्या रक्ताचा' रोग मानला गेला. मग तो ग्रीसमध्ये सापडला, अरबस्तानात सापडला, १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. जिथे डास पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारत होता तिथे हे जनुक टिकले. डासाने कोणाची जात विचारली नाही. उल्हासनगरच्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत. तोही दोष बीटा साखळीच्या त्याच जनुकातला आणि त्याचाही संबंध मलेरियाशीच. सिंधी व्यापाऱ्याला थॅलेसेमियावरून कोणी 'हलक्या रक्ताचा' म्हटलेले ऐकले आहे? जनुक तेच, कारण तेच. अपमान मात्र पत्ता बघून येतो.

आणि शास्त्रज्ञ चुकत नाहीत असे मानणाऱ्यांसाठी लायनस पॉलिंग. १९४९ साली याच माणसाने व त्याच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा रोग आहे हे दाखवले. रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पुढे शांततेचेही. १९६८ साली याच पॉलिंगने लिहिले की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. मुलांना हे वाचून दाखवले तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे गळ्यात मडकं." आम्हाला पुढे काही समजवावे लागले नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत तपासणीचे कायदे झाले आणि निरोगी वाहक असलेल्या कृष्णवर्णीयांना नोकरी आणि विम्यात त्याचे चटके बसले. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करून कार्ड द्यायचे ठरले. तपासणी हवीच. आपल्या वस्त्यांत ती व्हावी, औषधे नियमित मिळावीत, यासाठी आपण भांडले पाहिजे. पण त्या कार्डाचे कपाळावरचे गोंदण होऊ द्यायचे नसेल तर कार्ड वाचता येणारी पिढी लागेल. सातव्या रविवारी मुलांना एकच लेखी काम आहे: लग्न मोडणाऱ्या त्या घराला पत्र लिहायचे. एक पान. विज्ञान अचूक हवे आणि समोरच्याचे मन वळले पाहिजे. हे आम्हाला स्वतःला जमत नाही, हे आधीच कबूल करतो. आमचे पहिले तीन मसुदे भाषण झाले.

मग जात शरीरात काहीच ठेवत नाही का? ठेवते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यांचे म्हणणे होते की जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे. गटाबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर गटातच लग्नाची सक्ती लादली गेली आणि त्यातून जात झाली. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही सारी त्या बंद दाराची कडीकोयंडे, हे त्यांनी जवळजवळ गणितासारखे मांडले: नवरा मेला की बाई जास्त झाली, बायको मेली की पुरुष जास्त झाला, त्यांचे करायचे काय? शंभर वर्षांनी, २०१६ साली, पश्चिम बंगालमधल्या कल्याणी (आपले कल्याण नव्हे) येथील संस्थेतल्या पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून दाखवले की गटांमधले मिश्रण, विशेषतः उच्चजातीयांत, सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी झपाट्याने थांबले. म्हणजे साधारण दीड हजार वर्षे, गुप्त काळ. अस्पृश्यतेचा जन्म बाबासाहेबांनी १९४८ साली इसवी सन ४०० च्या सुमारास धरला होता. या दोन गोष्टी एकच नाहीत. एक लग्नाचे दार बंद झाल्याची खूण, दुसरी स्पर्शाचे. आम्ही त्यांची गाठ मारणार नाही. मारली तर आम्हीही पुस्तिकावाले होऊ. पण दोन्ही तारखा फळ्यावर शेजारी लिहिणार आहोत, मुलांनी बघावे.

बंद दाराची किंमत पेशी भोगते. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत अशी अंतर्गत नात्यागोत्याची दाटी दिसली की युरोपातल्या फिन किंवा अश्केनाझी ज्यूंनाही मागे टाकावे, आणि त्यामुळे दुर्मीळ आनुवंशिक आजार त्या त्या गटात साचतात. आंध्रच्या वैश्यांमध्ये एका एन्झाइमची कमतरता अशी साचली आहे की भूल देताना डॉक्टरला जपावे लागते. इथे जात वर आहे की खाली, याने काही फरक पडत नाही. रक्तातून जात निर्माण झाली नाही. जातीने मात्र रक्ताला कुंपण घातले, आणि ते कुंपण सूक्ष्मदर्शकातून दिसते.

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला शेवटी आम्ही मिलिंदपञ्ह काढला. ज्या राजाच्या नावाने बाबासाहेबांनी औरंगाबादचे महाविद्यालय ओळखले जावे असे ठरवले, त्याला भिक्खू नागसेन विचारतात: तू रथातून आलास, तर रथ दाखव. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे? लगाम म्हणजे? वर्गात आम्ही गालाच्या आतून काडीने पेशी खरवडल्या, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला आणि दहा मुलांच्या दहा काचपट्ट्या नावे न लिहिता मिसळून टाकल्या. मुले डोळा लावून बघत होती आणि ती मुलगी नागसेनासारखी एकेकाला विचारत होती: केंद्रक दिसते? त्यात आहे? पटल दिसते? त्यात? आपली काचपट्टी कोणती हेच कोणाला ओळखता येईना.

आता आठवा रविवार. ते ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्यावर रागावले आहेत. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, आमच्यातल्या निम्म्यांना चळवळीत त्यांनीच आणले. "दोन पुस्तकं वाचून तुम्ही चळवळीचं हत्यार बोथट करताय," असे ते फोनवर म्हणाले. आम्ही म्हटले, दादा, हे वर्गात येऊन मुलांना सांगा. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग किती वाजता यायचे ते विचारले. त्यांना वीस मिनिटे दिली आहेत. उत्तराची वीस मिनिटे त्या मुलीला. तिने २००१ च्या निबंधाची छापील प्रत मागून घेतली आहे आणि रोज संध्याकाळी शब्दकोश घेऊन ती एकेक परिच्छेद सोडवते आहे.